चार बोटं ब्रँडी

पुस्तक नुसतं वाचायचं आणि त्यावर गप्पा ठोकायच्या, तर त्याला मंडळ कशाला हवं? तेवढं तर केस कापायला गेल्यावर खुर्चीत बसूनही होतं. आमच्या मंडळात जिची पाळी असेल तिनं कादंबरी निवडायची, त्या कादंबरीतला एक पदार्थ स्वतःच्या हातानं रांधायचा आणि त्याच कादंबरीतलं एक पेय बनवायचं. विकतचं आणलेलं चालत नाही. आणि पहिला घोट घ्यायच्या आधी उभं राहून पुस्तकातला तो उतारा मोठ्यानं वाचायचा. बावीस वर्षं झाली. नऊ जणी होतो, आता चौघी उरलोय, पण नियम कुणी मोडला नाही.

त्यामुळे आमची वाचायची पद्धतही तशीच झालीय. मांडीवर पुस्तक, शेजारी कागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा. खाण्याचं काही आलं की पिवळी पट्टी, पिण्याचं आलं की निळी. एकदा बोटीवरच्या कादंबरीत सगळे खलाशी सहाशे पानं नुसती कडक बिस्किटं चघळत होते, तर लव्हॉननं आम्हाला तीच बिस्किटं करून घातली आणि माझी दाढ गेली. इर्माकाकूंनी एकदा खुनाची कादंबरी घेतली होती. त्यात बदामाच्या केकमध्ये विष असतं. काकूंनी तोच केक केला. "विष सोडून सगळं पुस्तकाबरहुकूम आहे," म्हणाल्या. ब्याऐंशीच्या आहेत त्या, कानानं अधू, नजरही बेताची. आम्ही एकमेकींची तोंडं बघत बघत खाल्ला.

मी आर्डिस झास्ट्रो. शाळेच्या जेवणघरात बत्तीस वर्षं काढली, तेव्हा स्वयंपाकाचं मला कुणी शिकवू नये. माझ्या पाळीला बायका सकाळपासून उपाशी राहतात, असं लव्हॉनच म्हणते, आणि तिच्या तोंडून कौतुक म्हणजे काय ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

आता मुद्द्याचं. मला एकच मुलगी, मारित. एकेचाळीस वर्षांची. मिनियापोलिसला राहते, इथून गाडीनं पाच तास. चार वर्षांपूर्वी माझा नवरा व्हर्नन यकृत खराब होऊन गेला. ती दफनाला आली नाही. फुलं पाठवली. अख्खं गाव चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच खात मला विचारत होतं, मारित दिसत नाही, मारित कुठाय? मी सांगत होते, विमान चुकलं. पाच तासांच्या रस्त्याला विमान! पण उलटून कुणी विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. तेव्हापासून नाताळला एक फोन आणि माझ्या वाढदिवसाला एक. बर्फ किती पडला, गुडघा कसा आहे, बरं ठेवते. मी काही ऊठसूट रडणाऱ्यांतली नाही. पण मला माझी मुलगी परत हवी होती. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

आणि गेल्या ऑक्टोबरात टपालानं तिची कादंबरी आली. 'शुक्रवारची माणसं'. तिनं लिहिलेली, छापलेली, मागे तिचा फोटो. केस बारीक कापलेत, मला मुळीच आवडले नाहीत. आत पहिल्या पानावर पेनानं लिहिलेलं, "आईला". बाकी चिठ्ठी नाही, चपाटी नाही. मी ते पान किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. मग डोळे पुसले, पट्ट्या घेतल्या आणि वाचायला बसले.

तळ्याकाठचं गाव, शुक्रवारी संध्याकाळी तळलेला मासा खायला जाणारी माणसं, आणि लेना नावाची एक लहान मुलगी. म्हणजे आमचंच गाव, दुसरं कुठलं! काही ठिकाणी मला खटकलं, नाही असं नाही. त्यात लेनाचा बाप जेवणावळीतून दारू पिऊन घरी गाडी चालवतो, आणि त्याला झोप लागू नये म्हणून ही पोर मागच्या सीटवरून रस्त्याकडेच्या टपालपेट्या मोठमोठ्यानं मोजते. आई पुढे बसून म्हणते, "बर्फ किती छान दिसतोय." मी पान उलटलं. कादंबरी आहे, म्हटलं. लिहिणाऱ्यांना थोडं तिखटमीठ लावावंच लागतं. आणि पुढच्याच पानावर लेनाची आई पर्च मासा तळते. पिठात बिअर किती घालायची, तेल तापलं का बघायला पावाचा तुकडा कसा टाकायचा, सोबत बटाट्याची धिरडी, त्यावर सफरचंदाचा मऊ गर. अगं बाई, माझंच होतं ते! माझ्या हातचं, छापून आलेलं! शेवटी मोजल्या तर सोळा पट्ट्या निघाल्या. अकरा पिवळ्या, पाच निळ्या.

फेब्रुवारीत माझी पाळी होती. बर्नडीन आमची म्होरकी. सगळा जन्म गावच्या ग्रंथालयात गेलाय तिचा, बोलणं अजून कुजबुजत. ती म्हणाली, "आर्डिस, मारितचंच पुस्तक घे."

"घेणारच आहे."

"आणि तिलाच बोलव. लेखिका समोर बसून खातेय, असं कधी झालंय आपल्याकडे?"

मी त्याच दुपारी फोन लावला. नाताळ नाही, वाढदिवस नाही, तरी तिनं उचलला. मी सांगितलं, मंडळ आहे, तुझं पुस्तक आहे, तू ये.

"आई, तू वाचलंस?"

"वाचलंस म्हणजे काय? सोळा पट्ट्या लावल्यात!"

"सगळं वाचलंस?"

"अगं हो गं. एवढं हुबेहूब लिहिलंयस. मी तर थक्क झाले."

"हुबेहूब," ती म्हणाली. "असं वाटलं तुला?"

"मग! अगदी जसंच्या तसं."

मग तिचा आवाज एकदम लहानपणीसारखा आला. "येते मी, आई. नक्की येते."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. अडुसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यानिशी. कुणी बघितलं असतं तर वेडी म्हटलं असतं.

चार दिवस आधीपासून माझी तयारी. तिच्या खोलीतल्या चादरी बदलल्या, खिडकीचे पडदे धुतले. मासा बर्फात भोक पाडून धरणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून ताजा आणला, दुकानातला नाही. पेयाचा तर प्रश्नच नव्हता. पुस्तकभर एकच पेय आहे, आमच्याकडे घरोघरी होतं ते, ब्रँडीचं गोड ओल्ड फॅशन्ड. बाहेरचे लोक त्यात व्हिस्की घालतात, घालोत बापडे. सत्तेचाळीस नंबरच्या पानावर त्याची पूर्ण कृती होती. मी ती कार्डावर उतरवून घेतली, वाण्याकडे घेऊन गेले, संत्री निवडून निवडून आणली. तो उतारा उभं राहून वाचायचा म्हणून आरशासमोर दोनदा म्हणूनसुद्धा बघितला.

शनिवारी दुपारी तीनला तिची गाडी आली. मी एप्रनवरच बाहेर पळाले. तिनं मला मिठी मारली, अशी घट्ट की माझा चष्मा वाकडा झाला. "केस वाढव गं," मी म्हटलं. चार वर्षांनी भेटलेल्या मुलीला मी पहिलं काय बोलले तर हे. ती हसली. खरंच हसली, मनापासून.

"आई, नंतर आपण दोघीच बोलू या का?"

"बोलू की! रात्रभर बोलू. आधी बायकांना जेवू घालू दे, डोळे लावून बसल्यात मेल्या."

आत बायकांनी तिला घेरलंच. लव्हॉन म्हणाली, "माझ्यावर लिहिशील तेव्हा मला बारीक कर हं. आणि नवरा जरा बरा दे." इर्माकाकूंनी तिचा हात धरून ठेवला. "तू ती लहानगी ना गं, चर्चच्या नाटकात मेंढी झाली होतीस?" मारित म्हणाली, "हो काकू, तीच मेंढी." सगळ्या हसल्या. मी तव्याशी उभी होते आणि मला वाटत होतं, झालं, आली माझी पोर परत. एवढंच तर हवं होतं.

मासे ताटल्यांत पडले, धिरडी पडली. मग मी पाच ग्लास ट्रेमध्ये घेऊन आले. जाड बुडाचे, त्यात ती तांबूस सोनेरी ब्रँडी, वर संत्र्याची चकती, लाल चेरी. इतके देखणे झाले होते! मी पहिला मारितच्या पुढे ठेवला.

ती ग्लासाकडे बघत राहिली.

"आई, मी घेत नाही."

"एक गं. मंडळाचा नियम आहे."

"दहा वर्षं झाली. मी दारूला शिवत नाही."

मला ठाऊक नव्हतं. दहा वर्षं! मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "बरं बाई, नुसता समोर राहू दे. तुझ्याच पुस्तकातलं आहे." आणि पुस्तक उघडून उभी राहिले, कारण उतारा वाचायचा होता आणि मासा गार होत होता.

मी वाचलं, अगदी ठसक्यात:

"शुक्रवारी जेवणावळीतून घरी आलं की लेना स्टुलावर चढायची. जाड बुडाच्या ग्लासात साखरेची वडी टाकायची. त्यावर कडवट अर्काचे तीन थेंब. संत्र्याची एक चकती, एक चेरी. लाकडी मुसळीनं हलकेच चेचायचं, साल फाटली की कडू होतं. मग काठापर्यंत बर्फ. मग ब्रँडी, दोन बोटं. वरून गोड सोडा."

पुस्तक मिटलं. लव्हॉननं ग्लास उचललासुद्धा.

"पुढचं वाच ना, आई," मारित म्हणाली.

"कृती संपली गं इथं."

"परिच्छेद संपलेला नाही. वाच." रागानं नाही म्हणाली. उलट अगदी हळू, मायेनं म्हणाली. म्हणून तर मी पुन्हा पान उघडलं.

आणि वाचायला लागले. तोंड वाचत होतं, डोळे पुढे पळत होते, आणि थांबायचं कसं ते मला कळेना.

"'तीन बोटं घाल,' आई भांडी विसळता विसळता म्हणायची. 'आणि दुसरा लगेच तयार ठेव. बाबा लवकर झोपले की घर शांत.' आईचे हात साबणाचे असायचे, म्हणून बोटं लेनाची मोजायची. लेना नऊ वर्षांची होती, तिची बोटं बारीक. मोठ्या माणसाची तीन म्हणजे आपली किती, ते तिला कळायचं नाही. आईचं काम चोख व्हावं म्हणून ती चार घालायची."

लव्हॉननं उचललेला ग्लास खाली ठेवला.

"काय म्हणाली?" इर्माकाकू ओरडल्या. "मोठ्यानं वाच गं. चार काय?"

काकूंनी कानामागे हात धरला.

"चार काय, आर्डिस?"

आता तुम्हाला सांगते, ते खरं होतं. शब्द न् शब्द खरा. स्टूल खरं, साबणाचे हात खरे. व्हर्नननं आमच्यावर कधी हात उचलला नाही, पण तो बोलायचा. एकदा सुरू झाला की माझ्या माहेरापासून माझ्या चालण्यापर्यंत सगळ्याची लक्तरं काढायचा. मारितची वही घेऊन तिच्या चुका मोठ्यानं वाचायचा, पुन्हा पुन्हा, ती रडेपर्यंत. सहा ते अकरा. दिवसभर शाळेतल्या तीनशे पोरांना वाढून आल्यावर मला फक्त शांतता हवी होती. दोन ग्लास पटापट पोटात गेले की तो आठलाच खुर्चीत झोपायचा. मग आम्ही दोघी पत्ते खेळायचो, हळू आवाजात. मी स्वतः ओतलं तर त्याला संशय यायचा, 'मला पाजून निजवतेस काय गं?' पोरीच्या हातचं तो हसत घ्यायचा. म्हणून मी तिला चढवायची त्या स्टुलावर. तुम्ही राहून बघा त्या घरात आणि मग मला नावं ठेवा.

हे सगळं मला तेव्हा बोलता आलं असतं. सगळं नको, एक वाक्य पुरलं असतं. मारित माझ्याकडे बघत होती. तोंड किंचित उघडं, जणू मी बोलले की तिला उत्तर द्यायचंच होतं. आणि तिच्या पलीकडे बर्नडीन, लव्हॉन, इर्माकाकू. बावीस वर्षं मी ज्यांना जेवू घातलं त्या.

"काही नाही हो काकू," मी म्हटलं. "कादंबरी आहे. लिहिणारे काय, मनाचं काहीही लिहितात. मासा गार होतोय, घ्या."

मारितनं मान खाली घातली. म्हणाली, "हो. कादंबरी आहे."

तिनं मासा खाल्ला. ताटली रिकामी केली, धिरडंसुद्धा. लहानपणापासून तिला ताटात टाकलेलं चालत नाही, मीच लावलेली सवय. मग रुमालानं तोंड पुसलं, सगळ्यांना भेटून छान वाटलं म्हणाली आणि कोट घेतला.

आमच्याकडे पाहुणा निघतो म्हणाल्यापासून गाडीत बसेपर्यंत पाऊण तास जातो. आधी खुर्चीजवळ गप्पा, मग दाराशी, मग पायरीवर, मग गाडीच्या काचेला टेकून. मारित एका मिनिटात दारात होती. मी मासे आणि धिरडी कागदात बांधून मागे धावले.

"अगं, चाललीस कुठं? चादरी बदलल्यात मी. बोलायचं होतं ना तुला?"

"तू हुबेहूब म्हणालीस," ती म्हणाली. "फोनवर. मला वाटलं तू वाचलंयस."

"वाचलंय की!"

"तू पाककृती वाचल्यास, आई." तिनं हातमोजे चढवले, एकेक बोट नीट बसवत. "बाबा इस्पितळात होते तेव्हा डॉक्टरनं विचारलं, किती वर्षं पितात. तू म्हणालीस, तीस. मी तिथंच उभी होते. मी मनात हिशेब करत होते, त्यातली नऊ वर्षं माझ्या हातची. नवव्या वर्षापासून घर सोडेपर्यंत. दर शुक्रवारी, आणि मग रोज. मी त्या शवपेटीजवळ कशी उभी राहणार होते?"

एवढं बोलून ती थांबली. पायरीवर, कडाक्याच्या थंडीत, थांबली. माझ्यासाठी थांबली होती, हे आता कळतंय. मला काय वाटत होतं सांगू? तिला छातीशी धरावं आणि ओरडावं, तुझं काही नाही गं, माझं आहे. पण आत बायका होत्या, दार उघडं होतं, आणि आमच्याकडे माणसं अशी ओरडत नाहीत.

"हरणं येतात रस्त्यात," मी म्हटलं. "जपून चालव."

"हो, आई."

तिनं पुडकं घेतलं नाही. गाडी वळताना मागच्या सीटवर तिची प्रवासाची बॅग दिसली. चांगली फुगलेली. राहायच्या तयारीनं आली होती.

आत आले तेव्हा लव्हॉन ग्लास मोरीत ओतत होती. कुणी ओठाला लावला नव्हता. नेहमी जिची जीभ थांबत नाही त्या बाईनं भांडी घासली, पुसली, कपाटात लावली, आणि एक शब्द काढला नाही. जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं तेवढं. इर्माकाकूंना ती घेऊन गेली. काकू दारातसुद्धा विचारत होत्या, "पण चार काय ते कुणी सांगेल का मला?"

बर्नडीन मागे राहिली.

"आर्डिस, तू शेवटचं प्रकरण वाचलंस?"

"चाळलं. त्यात खाण्यापिण्याचं काही नाही."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला तिचा राग आला. "वाच," ती म्हणाली. "पट्ट्या न घेता वाच."

त्या संध्याकाळी माझी हिंमत झाली नाही. रविवारी सकाळी चर्चला न जाता बसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. शेवटच्या प्रकरणात लेना मोठी झालीय. बाप गेलाय. मार्च महिना, ती कबरीपाशी एकटी आलीय, आणि बर्फातून पाय ओढत तिची आई येते. दोघी उभ्या राहतात. लेना म्हणते, मीच ओतत होते. आणि आई म्हणते, "ओतलंस तू, पण सांगितलं मी. तू लहान होतीस गं." मग आई तिचे हात स्वतःच्या हातात घेते आणि ती बारीक बोटं एकेक करून चोळते, ऊब येईपर्यंत. एवढ्यावर पुस्तक संपतं.

मी हमसून हमसून रडले. पुस्तक खरं आहे याची मी कोर्टात शपथ घेईन. टपालपेट्या खऱ्या, पुढे बसून बर्फ छान म्हणणारी बाई मीच. पण दफनानंतर कबरीपाशी मी कधी गेले नाही, तीही आली नाही. हे एवढं मात्र घडलेलं नव्हतं. बाकी सगळं पोरीला आठवत होतं, आणि हे तिला बसून रचावं लागलं होतं.

दहा वाजता मी फोन लावला. दोनदा चुकीचा नंबर लागला. तिनं उचलला. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही, म्हटलं असतं तर पुन्हा हवापाण्यावर गेले असते.

"मारित, ऐक. ओतलंस तू, पण सांगितलं मी. तू लहान होतीस गं. तुझी काही चूक नव्हती. माझी होती."

पलीकडे तिचा श्वास ऐकू आला. रडत होती. मला वाटलं, मिळालं. उशिरा का होईना, तिच्यापर्यंत पोचलं.

"शेवटचं पान वाचलंस," ती म्हणाली.

"हो. आज सकाळी."

"आई, ते वाक्य माझं आहे."

"अगं, पण माझ्याही मनात..."

"तू कधीच म्हणणार नाहीस हे पटलं ना, तेव्हा मी ते लिहिलं. तीन वर्षं लागली. मी ते तुला पाठ करायला दिलं नव्हतं." तिचा आवाज अगदी मऊ होता. ओरडली असती तर बरं झालं असतं. "काल तुला कुणी लिहून दिलं नव्हतं. काल तू जे बोललीस ते तुझं होतं."

मी म्हटलं, मी खरंच बोलतेय, देवाशपथ मनापासून बोलतेय. ती म्हणाली, असेलही. मग म्हणाली, गुडघ्याला शेक घेत जा. आणि फोन ठेवला.

त्याला आता पाच आठवडे झाले. ती उचलत नाही. मी रोज सकाळी टेबलाशी कागद घेऊन बसते, तिला पत्र लिहायचं म्हणून. माझ्या स्वतःच्या शब्दांत लिहायचं, पुस्तकातला एक शब्दसुद्धा घ्यायचा नाही, असं ठरवून बसते. पण फिरून फिरून तेच वाक्य येतं हातातून. पोरीनं माझ्या वतीनं इतकं नेमकं लिहून ठेवलंय की मला दुसरं काही सुचतच नाही.